निलूची चौथी ओळ

निलू गेल्याची खबर आली तेव्हा मी नांदेडला, घराच्या मागच्या ओट्यावर मेथी निवडत बसले होते. फोन विश्वनाथअप्पांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. अप्पा सकाळी कधी फोन करत नाहीत, ती वेळ त्यांची लातूरचं दुकान उघडायची. त्यामुळे नाव बघितल्याबरोबर हातातली जुडी खाली ठेवली. "सुमनताई, निलांबिका लिंगैक्य झाली," ते म्हणाले. अगदी पत्रिकेत छापतात तसं. त्यांच्या लिंगायत समाजात माणूस मेला असं म्हणत नाहीत, शिवाशी एक झाला असं म्हणतात. आणि खरं सांगते, दुःख मला नंतर झालं. आधी मनात आलं ते असं, की निलूला हा शब्द आवडला नसता. मी काही बोलणार तेवढ्यात अप्पाच म्हणाले, "लगेच निघा. चार वाजता माती हाय. आन ताई, पेपरला चार ओळी लागतील, दुपारच्या आत द्याव्या लागत्यात. तुम्हीच द्या." मी 'हो' म्हणाले. फोन ठेवायच्या आधी ते थोडे थांबले होते. मला वाटलं, रडू आवरत असतील बिचारे.

लातूरच्या एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. डोळ्यांना पदर लावून बसले होते, शेजारची बाई दोनदा विचारून गेली, "कोण वारलं जी?" आणि तरी लोहा यायच्या आत माझ्या चार ओळी झाल्या होत्या. त्या इतक्या सहज झाल्या याचीच आता लाज वाटते. हाताला वळण पडलेलं होतं ना! मोबाइलवर टाइप केल्या, मात्रा मोजल्या, एक 'ही' ऱ्हस्व केला आणि सरळ पेपरच्या ऑफिसला पाठवून दिल्या.

भरली घागर अलगद ठेवी,
थेंबहि नाही सांडला;
हसतमुखाने माय निघाली,
शिवाशी संग मांडला.

अप्पांचं दुकान भांड्यांचं, म्हणून घागर. दुसऱ्या दिवशी पेपरात निलूच्या फोटोखाली या ओळी छापून आल्या. लोकांनी तारीफ केली. कुणीतरी कात्रण काढून मोबाइलच्या स्टेटसला ठेवलं, माझ्या जुन्या सहकारी बाईंचा फोन आला, "किती शांत, किती सुंदर लिहिलंय हो कुणीतरी!" ते मीच लिहिलंय असं मी त्यांना सांगितलं नाही. हे सगळं लिहायला बसले ते त्याच चार ओळींसाठी.

लातूरला पोचले तेव्हा निलूला बाहेरच्या खोलीत बसवलेलं होतं. लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात आणि मातीतही बसवूनच ठेवतात. तिच्या सासऱ्यांच्या वेळी मी ते बघितलं होतं. पण निलूला तसं बघणं निराळं होतं हो... अंगावर हिरवी साडी, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, मान पडू नये म्हणून मागं बांधलेला पट्टा. शेजारी तिची थोरली बहीण, जळकोटची गौराक्का. अक्काला आता नीट दिसत नाही. ती हाताने चाचपून सारखा निलूचा पदर सरळ करत होती. मी समोर बसले तर निलू माझ्याकडेच तोंड करून. परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक समोर बसतो ना, तसं वाटलं मला. मला तिच्याकडे बघवेना. मी खाली सतरंजीकडे बघत बसले आणि बायकांना वाटलं, सुमनबाईंना लई लागलंय.

आमची ओळख बी.एड.च्या वर्षातली, नांदेडच्या वसतिगृहातली. मी उमरीची, शेतकऱ्याच्या घरातली, आवाजाने मोठी आणि कामाला वाघीण. ती जळकोटच्या व्यापाऱ्याची मुलगी, नाजूक, जेवायच्या आधी तळहातावर लिंग घेऊन डोळे मिटणारी. पहिल्या दिवशी मी विचारलं, "रोज काय मागतेस गं?" तर म्हणाली, "काही न्हाई, हाजरी देते." दोघी कविता करायचो. फरक एवढाच, की तिला सुचायची आणि मला मोजता यायची. ती पलंगावर पडल्या पडल्या ओळी म्हणायची, मी बोटांवर मात्रा मोजत बसायची. "इथं एक मात्रा जास्त होतेय." "होऊ दे की!" "असं कसं होऊ दे?" आणि मी ती काढून टाकायची. तिची ओळ गुळगुळीत व्हायची, ती दोनदा म्हणून बघायची आणि म्हणायची, "तू हुशार हाईस बाई." मला त्याचा गर्व वाटायचा. काढून टाकलेलं काय होतं, याची चौकशी मी कधी केली नाही.

तिचं लग्न लातूरला झालं, मी नांदेडच्या शाळेत मराठी शिकवायला लागले. तिला नोकरी करायची होती, पण सासरी दुकान मोठं, घर मोठं, ते राहून गेलं. तिचे सासरे वारले तेव्हा घरातलं कुणीतरी म्हणालं, वहिनी कविता करतात, पेपरसाठी चार ओळी करून देतील. तिने केल्या. लोकांना त्या इतक्या आवडल्या की पुढच्या महिन्यात शेजारच्या कापडवाल्यांनी आपल्या आईसाठी मागितल्या. मग काय, रांगच लागली. गंजगोलाईच्या बाजारपेठेत कुणी वारलं की श्रद्धांजलीचा बॅनरवाला सरळ विचारायचा, "फोटू आणला, आता निलाकाकूंकडून ओळी आणा." आणि निलू मला फोन करायची, शाळेच्या मधल्या सुट्टीत. "सुमे, मोज."

आम्ही दोघी त्यात पक्क्या तयार झालो होतो. एक युक्तीच सापडली होती आम्हाला, माणसाचा धंदा कळला की कविता तयार. कापडवाल्याला धागा आणि वस्त्र, मास्तरला फळा आणि खडू, सोनाराला कस. वर मी फोनवर चेष्टा करायची, "निलू, न्हावी वारला तर काय लिहिशील?" ती हसून बेजार व्हायची. तेलाच्या व्यापाऱ्याला आम्ही लिहिलं होतं, 'दिव्यात तेल भरून ठेवले, मगच शांत निजले.' या कवितांत कुणीच मरायचं नाही, सगळे निजायचे, विसावायचे, निघायचे, विलीन व्हायचे आणि तेही हसत. इतक्या लोकांना आम्ही हसत पाठवलं की विचारू नका. आणि मला त्यात काही खोटं वाटत नव्हतं. मागे राहिलेल्यांना बरं वाटतं, त्यांची इज्जत राहते, यात वाईट ते काय? शाळेत मरणावरची कोणतीही कविता आली की मी मुलांना मध्यवर्ती कल्पना सांगायची, 'मृत्यूचा शांतपणे स्वीकार.' कवी कुणीही असो. मुलं तेच लिहायची आणि मी पूर्ण गुण द्यायची.

मग निलूचं पोट दुखायला लागलं. आधी पित्त म्हणाले, मग गाठ म्हणाले, हैदराबादला नेऊन आणलं आणि तिथून आल्यावर घरातली माणसं हळू आवाजात बोलायला लागली. मी भेटायला गेले की तिच्याशी कवितेचं काढायची, तेवढंच तिचं मन रमेल म्हणून. एकदा तिनेच फोन केला. आवाज बारीक झाला होता, पण तावातावाने बोलत होती. "सुमे, तेलवाल्या अण्णांची लेक मुरुडला दिली हाय ना, तिच्याशी बोलले मी. विचारलं, तुझे वडील गेले कसे? खरं सांग म्हटलं. ती रडायला लागली गं. म्हणाली, काकू, बाजेचा गज धरून ठेवला होता त्यांनी. मला न्हाई जायचं, मला न्हाई जायचं, असं म्हणून राहिले होते. अन् आपण काय लिहिलं? मगच शांत निजले!"

मी म्हणाले, "अगं, तसं कसं लिहिणार पेपरात?"

"कामून न्हाई लिहायचं?" ती म्हणाली. माझा नांदेडी शब्द मलाच परत मारला. "मरणावरच्या तुझ्या शाळेतल्या कविता ज्यांनी लिहिल्या, ते लिहिताना धडधाकट होते ना? जेवून-खाऊन लिहायला बसले असतील. ज्याचं मरण हाय त्याला कुणी विचारलंय का, की बाबा रे, तुला काय म्हणायचंय?"

मी बाई शिक्षिका, गप्प कशी बसणार? मी तिला समजावलं, की कविता म्हणजे पांघरूण असतं, उघडं दुःख बघवत नाही म्हणून माणसं ते अंगावर घालतात. वाक्य मला चांगलं वाटलं होतं. ती म्हणाली, "घाला की पांघरूण. पण माणूस थंड झाल्यावर घाला. मी अजून गरम हाय सुमे."

आता नीट आठवून बघते तर त्या महिन्यांत ती जे जे करत होती ते सगळं एकाच गोष्टीसाठी होतं. मिक्सर बदलला. दारात कढीपत्त्याचं रोप लावलं आणि सुनेला सांगितलं, याला दोन वर्षं तोडायचं नाही, मग मी सांगीन तेव्हा तोडायचं. तिचं अंग इतकं वाळलं होतं की ब्लाऊज खांद्यावरून उतरायचे. शिवणाऱ्या बाईला बोलावून तिने नवीन मापं दिली आणि वर म्हणाली, "आतून चांगली दोन बोटं माया सोड गं, अंगावर आले की उसवून मोठे करून घेते." शिवणारी बाई माझ्याकडे बघायला लागली. मी तिला डोळ्यांनीच खुणावलं, हो म्हण, सोडून दे. निलूने ते बघितलं. तिच्या जगण्याच्या हट्टाला मी लहान मुलाच्या हट्टासारखी मान डोलावत होते, हे तिला कळलं होतं.

त्याच दुपारची गोष्ट. दुकानावरच्या त्यांच्या माडीवर आम्ही दोघी होतो. खालून पातेली एकात एक बसवल्याचा आवाज येत होता. सून स्वयंपाकघरात, अप्पा दारात उभे राहून कपाळाला भस्म लावत होते. निलू उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "सुमे, माझ्या पेपरातल्या ओळी मीच केल्यात. हाताला सुई हाय, लिहिता येईना. तू ऐक अन् ध्यानात ठेव." मी म्हणाले, "असलं अशुभ बोलू नकोस." ती म्हणाली, "दुसऱ्यांचं करताना अशुभ नव्हतं व्हय?" आणि म्हणायला लागली.

"मी न्हाई गेले. मला ओढून नेलं.
चौकट धरली होती मी दोन्ही हातांनी.
लई बघायचं राहिलंय, अर्धं बी न्हाई झालं..."

"निलू, पुरे," मी म्हणाले.

"अजून एक ओळ हाय."

"पुरे म्हटलं ना!" माझा आवाज चढला. शाळेत चढायचा तसा. "हे काय कविता आहे का? ना मात्रा, ना यमक. आणि तुमच्या घरात लिंगैक्य म्हणतात, शिवाशी मिळायचं म्हणतात. स्वामी येतील, पाहुणे येतील, त्यांनी पेपरात काय वाचायचं? शिवाकडं जायला नको म्हणत होती म्हणून?"

निलूने गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. "शिवाला मी कुठं नको म्हणले? शिव हितंच हाय की, गळ्यात. त्याला भेटायला मरायला कशाला लागतंय?"

उत्तर सुचलं नाही की मी दुरुस्त करायला घेते, हा माझा जुना रोग. म्हणाले, "पहिली ओळ 'मी गेले, तरी नाही गेले' अशी केली तर? अर्थ तोच राहतो आणि ऐकायला बरं वाटतं." तिने मान हलवली. मग म्हणाली, "अर्थ तोच न्हाई राहत गं." थोड्या वेळाने परत, "पेपरात हेच दे. शब्द दे मला." मी म्हणाले, "बघू." तिच्या हातावर हात ठेवला आणि पाणी आणायला उठले. ते निमित्त होतं, पाण्याचा तांब्या तिच्या उशाशीच भरलेला होता.

चौथी ओळ तेव्हा राहिली ती राहिलीच. पुढे एकदा तिचा फोन आला. माझ्या सहकारी बाईंचा निरोपसमारंभ चालू होता, हातात हार, आजूबाजूला गलका. "चौथी ओळ ऐकायची का?" तिने विचारलं. सहज विचारावं तसं, पण मला कळत होतं की तिने किती दम गोळा करून विचारलंय. मी म्हणाले, "आत्ता गडबड आहे गं, संध्याकाळी करते." संध्याकाळी मला फुरसत होती. फोन समोरच होता. मी केला नाही. भीती वाटली, दुसरं काय! मरण जवळ आलेलं माणूस शांत असलं की आपल्यालाही सोपं जातं. निलू शांत होईना आणि मला तिच्याबरोबर तेवढं धडपडायचं नव्हतं. माझी मैत्रीण हाताने चौकट धरून उभी होती आणि मी तिला म्हणत होते, सोड गं, बरं दिसत नाही.

नंतर मी फोन केला तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. अप्पा म्हणाले, "तुम्ही बोला, मी कानाला लावतो." पलीकडे तिच्या श्वासाचा आवाज. इतक्या वर्षांची मैत्री, बोलायला काय कमी होतं? चौथी ओळ विचारता आली नसती, पण तिसरीपर्यंतच्या तरी तिला म्हणून दाखवता आल्या असत्या, तिच्या शब्दांत. मी म्हणाले, "शांत पड निलू. शांत पड." तेच माझं तिच्याशी शेवटचं बोलणं.

आणि मग ती सकाळ, ती एसटी, ती घागर. मी विसरले होते असं नाही. तिच्या तीन ओळी मला पाठ होत्या, लोह्यापर्यंत त्याच डोक्यात घुमत होत्या. पण मी स्वतःला समजावलं, की घर लिंगायतांचं आहे, अप्पांना वाईट वाटेल, मुलगा नाराज होईल, आणि कविता तर अर्धीच आहे, अर्धी कशी द्यायची? अर्धी कुणामुळे राहिली, तो विचार मी अहमदपूर येईपर्यंत डोक्यात येऊच दिला नाही.

मरणानंतरचं गणाराधनेचं जेवण झालं, पाहुणे पांगले, मी नांदेडला परत आले. काही आठवड्यांनी, अशाच एका दुपारी, अप्पांचा फोन आला. समाधीचं काम चालू होतं, शहाबादी फरशी बसवायची होती आणि कोरणाऱ्याला ओळी द्यायच्या होत्या. मला वाटलं, घागरीच्याच ओळी मागतायत. मी म्हणाले, "पेपरातल्याच देऊ या का अप्पा?"

अप्पा म्हणाले, "ताई, एक विचारू का? राग मानू नका. तिनं तुम्हाला तिच्या ओळी सांगितल्या नव्हत्या का?"

मी खुर्चीवर बसले. "सांगितल्या होत्या," मी म्हणाले.

"मग मी त्याच येतील म्हणून बसलो होतो. मला म्हणायची, सुमीला सांगितलंय, ती देईल. म्हणून तर सकाळी तुम्हालाच मागितल्या. न्हाईतर चार ओळी लिहिणारे गावात ढीग हायत की." अप्पांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "दुसऱ्या दिवशी पेपर बघितला. हसतमुखाने म्हणून वाचलं. ताई, शेवटच्या दिवशी दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर तिनं खरंच चौकट धरली होती. पोराला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. त्याचं तेव्हापासून जेवणात मन न्हाई. पेपर वाचून पोरगं मला म्हणालं, अप्पा, ह्या मायबद्दल लिहिलंय का दुसऱ्या कुणाबद्दल?"

मी ज्यांच्यासाठी शब्द गुळगुळीत केले, त्यांना ते नको होते. तिच्या ओळींना भिणारी एकटी मीच होते. मी रडले का? हो, रडले, पण त्या रडण्याचा कुणाला काय उपयोग? म्हणाले, "अप्पा, मला तीनच ओळी माहीत आहेत. चौथी मी ऐकून घेतली नाही. ती म्हणत होती, मीच ऐकली नाही."

"मला म्हणून दाखवायची की रोज. सकाळी पूजा झाली की." आणि अप्पा म्हणायला लागले. आयुष्यभर भांडी विकलेला माणूस, कविता म्हणताना अडखळत होता, पण शब्द तिचेच होते, जसेच्या तसे. मी न्हाई गेले, मला ओढून नेलं. चौकट धरली होती मी दोन्ही हातांनी. लई बघायचं राहिलंय, अर्धं बी न्हाई झालं. मग थांबले, खाकरले, आणि चौथी ओळ म्हणाले.

"आता बसवलंय मला, पण मी उठायच्या बेतात हाय."

मला ती बसलेली निलू दिसली. हिरवी साडी, मागे बांधलेला पट्टा, माझ्याकडे वळलेलं तोंड. आपल्याला बसवून ठेवतील हे तिला माहीत होतं आणि त्यातूनच तिने उठायची तयारी केली होती. इतकी वर्षं मरणावरच्या कविता शिकवल्या, त्यांत असं मरण मला एकदाही भेटलं नव्हतं. आणि ही ओळ माझ्यापासून एका फोनवर होती हो... नुसतं 'हां, सांग' म्हणायचा अवकाश होता.

"हेच कोरायचं ना, ताई?" अप्पांनी विचारलं. "का काही बदल करायचा हाय?" त्यांनी साधेपणानेच विचारलं, टोमणा मारणारा माणूस नव्हे तो. मी म्हणाले, "न्हाई अप्पा. काही बदल न्हाई."

गेल्या आठवड्यात मी लातूरला जाऊन आले. समाधी झालीय, फरशी बसलीय, अक्षरं बरी कोरलीत. गौराक्काही जळकोटहून आली होती. दुपारचं ऊन होतं, अक्का फरशीवर हात फिरवत अक्षरं चाचपत होती. म्हणाली, "मला दिसत न्हाई यव्वा, तू वाच." मी वाचलं. चारही ओळी, मोठ्याने, जशा आहेत तशा. शेवटची ओळ ऐकली आणि अक्का आधी दचकली, मग फस्सकन हसली, तोंडावर पदर घेतला आणि हसता हसता रडायला लागली. "निलीच हाय गं ही! लहानपणी न्हाऊ घालायला बसवलं की अशीच, बस म्हटलं की उठायची." ती त्या फरशीवर हलकेच थापटत राहिली. मी शेजारी उभी. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, निलूचं निलूला मिळालं, आपणही जरा मोकळं व्हावं.

तेवढ्यात अक्काने डोळे पुसले आणि आवाजाच्या दिशेने तोंड वळवून मला विचारलं, "मग पेपरात आलं होतं ते कुणाचं होतं गं? पोरांनी वाचून दाखवलं होतं मला. कोण घागर घेऊन हसत गेली म्हणून... मी म्हटलं, ही आमची न्हाई."

"ते माझं होतं, अक्का," मी म्हणाले.